तेलाची उफणणी: वास जातो, सत्त्व किती उरतं?

आत्याच्या स्वयंपाकघरात दोन तेलं असतात. गॅसशेजारी खिडकीत पाच लिटरचं सोयाबीनचं कॅन, आणि फडताळात तपकिरी बाटलीत घाण्यावरचं करडीचं तेल. भजी, पुऱ्या, फोडणी पहिल्यात. ठेच्यावर, भाकरीसोबतच्या चटणीवर कच्चं ओतायचं ते दुसरं. मागच्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, गावी गेलो तेव्हा तिनं त्या कॅनचं झाकण उघडून माझ्या नाकाखाली धरलं.

"बघ बरं, काय वास येतोय का? पाण्यावानी हाय की रे हे. काय घालता तुम्ही ह्यात?"

लातूरच्या एमआयडीसीत एका तेल रिफायनरीच्या लॅबमध्ये मी काही वर्षं काढली आहेत, म्हणून हे "तुम्ही". म्हणालो, "घालत नाही आत्या, काढतो."

"मग वासाबरोबर सत्त्वबी काढता का?"

सणाची भज्जी, म्हणजे शेतात न्यायची मिसळीची भाजी, उकळत होती, शेतात जायची घाई होती, उत्तर तिथे अर्धवटच राहिलं, पुढचं शेतात पोहोचल्यावर सांगितलं. तेच इथे सावकाश देतो आहे.

आत्याला हा विषय नवा नाही, हे आधी सांगायला हवं. घाण्याचं करडी तेल तळायला घ्यायची वेळ आली तर ती ते आधी कढवते. कढई चांगली तापू द्यायची, कणकेची एक गोळी टाकून तळून काढायची, तेलावर विरळ धूर दिसला की आच बंद. त्यानंतर तेल उग्र लागत नाही आणि फेसही कमी येतो. तिनं घरच्या घरी केलेलं हे डिओडोरायझेशनच, म्हणजे तेलाचा वास काढणं. तापवलं की वासाचे हलके कण उडून जातात. तिच्या रीतीत अडचण एकच: हे सगळं उघड्या हवेत चालतं. तापलेल्या तेलाला हवेतला ऑक्सिजन मिळाला की जुना वास जाता जाता नवा खवटपणा जन्माला येतो. कारखान्यात हेच काम एका बंद टॉवरमध्ये होतं, आणि तिथला सगळा खटाटोप हवा बाहेर ठेवण्यासाठी आहे.

वास तेलाचा नसतोच

शुद्ध तेलाला स्वतःचा वास नसतो, हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. तेल म्हणजे ट्रायग्लिसराइड: ग्लिसरीनचा एक कणा आणि त्याला लटकलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन लांब शेपट्या. हा रेणू चांगलाच जड, त्याचा रेणुभार ८८० च्या आसपास. साध्या तापमानाला तो हवेत उडतच नाही, आणि जे उडत नाही ते नाकापर्यंत पोहोचणार कसं?

नाकापर्यंत पोहोचतात ते बारके तुकडे. शेपटीवर ऑक्सिजन बसतो, शेपटी तुटते, आणि अल्डिहाइड, कीटोन असे छोटे रेणू सुटे होतात. सोयाबीनच्या कच्च्या तेलाला जो हिरवट, कच्च्या शेंगेसारखा वास येतो त्यात हेक्झानल नावाच्या अल्डिहाइडचा मोठा हात असतो. (तेल काढायला वापरतात ते हेक्झेन वेगळं. नावं सख्ख्या भावांसारखी, पण एक वासाचा कण आणि दुसरं द्रावक.) हेक्झानलचा रेणुभार फक्त १००. तेलात ते लाखात एखादा भाग असलं तरी नाकाला कळतं. सुटी फॅटी ॲसिडं, ज्यांना बाजारात सगळे एफएफए म्हणतात, ती २८० च्या आसपास. आणि ज्याच्यासाठी हा लेख लिहितोय ते ई जीवनसत्त्व, म्हणजे टोकोफेरॉल, ४३० च्या आसपास.

१००, २८०, ४३०, ८८०. हे चार आकडे लक्षात ठेवले तर पुढचं बरंच सोपं जाईल.

टॉवरच्या आधीचं थोडक्यात

सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्केच. शेंगदाण्यात, तिळात ते निम्म्याच्या आसपास असतं, म्हणून तिथे घाणा परवडतो. सोयाबीनचं तेल दाबून काढायला गेलं तर बरंचसं पेंडेतच राहतं. म्हणून सोयाबीनचे पापडासारखे पातळ पोहे करून हेक्झेननं धुतात, हेक्झेन उडवून परत मिळवतात, खाली कच्चं तेल आणि डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, उरते. असं सॉल्व्हंटचं तेल रिफाइन केल्याशिवाय खायला विकता येत नाही, तसा कायदाच आहे.

त्यानंतर गरम पाण्यानं किंवा थोड्या फॉस्फोरिक ॲसिडनं गाद, म्हणजे तेलातला चिकट भाग, काढायची. तिच्यातूनच लेसिथिन मिळतं, चॉकलेट-बिस्किटांत जातं ते. मग कॉस्टिक सोडा घालून सुटी ॲसिडं साबणाच्या रूपानं वेगळी करायची. मग ब्लीचिंग अर्थ, म्हणजे मुलतानी मातीच्या घराण्यातली माती, घालून रंग ओढून घ्यायचा. या मातीतून निघालेल्या तेलाला स्वतःचा एक ओल्या भिंतीसारखा वास लागतो. नव्या माणसाला लॅबमध्ये आम्ही मुद्दाम तो हुंगायला द्यायचो. एवढी धुलाई करून तेल आधीपेक्षा वाईट कसं लागतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसायचं.

हे सगळं निस्तरायचं काम शेवटच्या टॉवरचं.

वाऱ्याच्या जागी वाफ

आत्यानं खळं पाहिलेलं आहे, म्हणून तिला उफणणीचंच उदाहरण दिलं. पाटीतून ज्वारी हळूहळू सोडायची. वारा आडवा वाहत असतो. भूस हलकं, ते लांब उडून जातं, दाणा जड, तो पायाशी पडतो. तेलाचा टॉवर म्हणजे हेच, फक्त वाऱ्याच्या जागी वाफ. तापलेल्या तेलात खालून बारीक छिद्रांतून वाफेचे बुडबुडे सोडतात. प्रत्येक बुडबुडा वर जाताना वासाचे हलके रेणू पोटात घेऊन जातो. जड ट्रायग्लिसराइड खालीच राहतं.

मात्र वासाच्या रेणूंना नुसत्या वाऱ्यानं हलवता येत नाही, त्यांना उडण्याइतकं मोकळं करावं लागतं. त्यासाठी दोन हत्यारं: उष्णता आणि निर्वात. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, हे शाळेत शिकलेलं आठवत असेल. तीच युक्ती इथे टोकाला नेतात. आपल्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण १०१३ मिलीबार. टॉवरमध्ये तो दोन ते सहा मिलीबारवर आणतात. ओलेइक ॲसिड बाहेर ३६० अंशांच्या आसपास उकळलं असतं, तोपर्यंत तेल केव्हाच जळून गेलं असतं. इतक्या कमी दाबाला तेच ॲसिड २२० च्या आसपास निघायला लागतं.

निर्वाताचा दुसरा फायदा सहसा सांगितला जात नाही, आणि मला तो जास्त आवडतो. एक किलो पाण्याची साध्या दाबाला वाफ केली तर ती पावणेदोन घनमीटर जागा घेते. तीच वाफ तीन मिलीबार दाबाला आणि २४० अंशांवर जवळजवळ ८०० घनमीटर होते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा अठ्ठावीस खोल्या भरतील एवढी. त्यामुळे शंभर किलो तेलाला एक ते तीन किलो वाफ पुरते. थोड्या वाफेत मोठा वारा. आणि आत ऑक्सिजन जवळजवळ नसल्यामुळे आत्याच्या कढईत होतो तो खवटपणा इथे होत नाही.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत सरकीचं तेल ढिगानं निघायचं, पण त्याच्या वासामुळे ते ताटात कोणी घेईना. डेव्हिड वेसन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९०० च्या आसपास निर्वात आणि अतितप्त वाफ एकत्र वापरून ते बिनवासाचं केलं. परभणी, नांदेड, जालन्याकडे सरकी म्हटलं की आपल्याला म्हशीची पेंड आठवते, पण बिनवासाच्या तेलाची आजची जी पद्धत आहे ती या सरकीच्याच घरातून निघाली.

आता आकडे एकत्र मांडतो. तापमान साधारण २२० ते २६० अंश, दाब दोन ते सहा मिलीबार, वेळ वीस मिनिटं ते तासभर. शेवटी तेल थंड करताना थोडं सायट्रिक ॲसिड घालतात. ते लोखंड-तांब्याचे उरलेसुरले कण बांधून ठेवतं, नाहीतर तेच कण तेल लवकर खवट करतात. मग निर्वातातच थंड करून, वर नायट्रोजनचं पांघरूण घालून टाकीत.

चव कशी तपासायची? यंत्रं असतातच, पण आम्ही कोमट तेल चमचाभर जिभेवर घ्यायचो. चांगल्या तेलाची चव म्हणजे काहीच चव नाही. ह्या "काहीच नाही"साठी पगार मिळतो, असं घरी सांगितलं की सगळे हसायचे.

भुसाबरोबर बारीक दाणाही उडतो

उफणताना वारा जास्त झाला तर काय होतं, हे कुणाही शेतकऱ्याला विचारा. भुसाबरोबर बारीक, पोचट दाणेही उडून जातात. तेलातलं ई जीवनसत्त्व म्हणजे हे बारीक दाणे. ८८० च्या मानानं ४३० हलकंच. २८० वाल्या ॲसिडांपेक्षा ते जड आहे म्हणून शेवटपर्यंत तग धरतं, पण तापमान वाढवलं, वाफ वाढवली, वेळ वाढवला, की तेही वाऱ्यावर निघतं. त्याच्या जोडीला फायटोस्टेरॉल, म्हणजे वनस्पतीतली स्टेरॉलं. कोलेस्टेरॉलचं शोषण कमी करणारी म्हणून त्यांचं नाव ऐकलं असेल. त्यांचाही रेणुभार ४१० च्या आसपास, म्हणून त्यांचाही काही हिस्सा जातो.

कच्च्या सोयाबीन तेलात किलोमागे हजार मिलिग्रॅमच्या आसपास टोकोफेरॉल असतं. सगळ्या शुद्धीकरणात मिळून त्याचा पाचवा ते तिसरा हिस्सा कमी होणं ही नेहमीची गोष्ट. म्हणजे बिनवासाच्या तेलात ई जीवनसत्त्व शून्य असतं, हे व्हॉट्सॲपवरचं वाक्य खोटं. आणि काहीच जात नाही, हे जाहिरातीचं वाक्यही खोटं.

उडालेलं जातं कुठे? टॉवरच्या वर ते थंड करून गोळा करतात. पिवळट-तपकिरी, दाट, उग्र वासाचं ते द्रव्य, कारखान्यात त्याला डीओडी म्हणतात. दिसायला मातेरं, पण त्यात सरवा आहे. जगात औषधाच्या गोळ्यांत मिळणारं जे नैसर्गिक ई जीवनसत्त्व असतं, त्याचा मोठा भाग सोयाबीनच्या ह्याच मातेऱ्यातून काढलेला असतो. स्टेरॉलंही त्यातूनच. तेल एका दुकानातून घ्यायचं आणि त्यातून उडालेलं सत्त्व दुसऱ्या दुकानातून गोळीच्या रूपात. ह्यावर मी काही बोलत नाही.

एक बारीक गंमत इथेच सांगून टाकतो. टोकोफेरॉल जितकं जास्त तितकं तेल जास्त टिकेल, असं वाटतं. तसं नाही. ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं तर ते उलट तेल खराब व्हायला हातभार लावतं. त्यामुळे थोडं उडालं म्हणून तेल लगेच नासेल असं नसतं. पण फारच उडालं तर कारखान्याला टीबीएचक्यूसारखं बाहेरचं संरक्षक घालावं लागतं. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे.

सगळंच सत्त्व उडून जात नाही. काही जळतं. पामच्या कच्च्या तेलाचा गर्द केशरी रंग कॅरोटीनचा, ज्यातून शरीर ए जीवनसत्त्व बनवतं. टॉवरच्या तापमानाला ते मोडतं आणि तेल फिकट होतं. गिऱ्हाइकाला फिकट आवडतं, म्हणून कुणाची तक्रार नसते. काही सत्त्व टॉवरपर्यंत पोहोचतच नाही. तांदळाच्या कोंड्याच्या तेलातलं ओरायझेनॉल हे त्याचं ठळक उदाहरण. कॉस्टिक सोड्यानं धुतलं की ते जवळजवळ सगळं साबणाबरोबर वाहून जातं. म्हणून ह्या तेलात सोडा टाळून सुटी ॲसिडं टॉवरमध्येच वाफेनं उडवतात. मग टॉवरवर ताण वाढतो, तापमान वाढवावं लागतं. एकीकडे वाचवायचं तर दुसरीकडे मोजावं लागतं. घाण्याच्या तेलात टिकून राहणारे पॉलिफेनॉल तर रिफायनरीत टॉवरच्या आधीच्या धुलाईतच बरेचसे गेलेले असतात.

आणि काही गोष्टी नव्यानं तयार होतात, ह्याकडे माझं लक्ष जास्त असायचं. शेपटीतला नैसर्गिक बाक उष्णतेनं सरळ झाला की ट्रान्स फॅट बनतं. तीन दुहेरी बंध असलेलं लिनोलेनिक ॲसिड सगळ्यात आधी सरळ होतं, दोनवालं लिनोलेइक कितीतरी सावकाश. सोयाबीन तेलात पहिलं सातेक टक्के असतं, म्हणून सोयाबीनवाल्यानं जास्त जपायचं. करडीत ते नसल्यासारखंच. आणि जवसाच्या तेलात तर तेच मुख्य, म्हणून जवस ह्या टॉवरमध्ये घालणं म्हणजे ज्यासाठी जवस खायचं तेच बिघडवणं. २४० च्या पुढे दर दहा अंशांना हे प्रकरण झपाट्यानं वाढतं. भारतात तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्के आहे. नीट चालवलेल्या टॉवरमधून ते त्याच्या बरंच खाली राहतं.

दुसरं नाव ग्लिसिडिल एस्टर. २३०-२४० अंशांच्या वर ते बनायला लागतं, पाम तेलात सगळ्यात जास्त, आणि पोटात त्यापासून सुटणारं ग्लिसिडॉल कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांच्या यादीत आहे. युरोपनं २०१८ मध्ये त्यावर किलोमागे १००० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. जगभरच्या कारखान्यांनी तापमान खाली आणायला सुरुवात केली, त्यामागे जीवनसत्त्वाच्या प्रेमापेक्षा ह्या मर्यादेचा धाक मोठा होता, असं माझं मत आहे.

काय बदलत नाही तेही सांगतो, नाहीतर भीतीच पसरेल. तेलातली मुख्य फॅटी ॲसिडं होती तशीच राहतात. करडीचं लिनोलेइक ७० टक्क्यांच्या वर असतं, ते रिफाइनमध्येही तेवढंच. कॅलरी तेवढ्याच, ग्रॅममागे नऊ. आणि कॅनवर ठळक छापलेलं "कोलेस्टेरॉल-फ्री"? वनस्पतीच्या तेलात ते मुळातच नसल्यासारखं असतं. शेंगदाण्यावर "हाडांशिवाय" असं लिहिण्यासारखं आहे ते.

कमी आचेवर, जास्त निर्वातात

तर सत्त्व वाचवायचं कसं? तापमान, वेळ, दाब आणि वाफ ह्या चार किल्ल्या आहेत. एक सैल केली तर दुसरी आवळावी लागते.

सगळ्यात शहाणी किल्ली दाबाची. निर्वात जितका खोल, तितकं कमी तापमान पुरतं. निघालेली वाफ पूर्वी पाण्याच्या फवाऱ्यानं थंड करायचे, आता काही ठिकाणी ती थेट बर्फाच्या रूपात गोठवतात. त्यानं दाब दीड मिलीबारच्या आत आणता येतो, आणि घाण पाणीही कमी निघतं.

दुसरी रीत पातळ थराची. खोल भांड्यात तेल साठलं की तळच्या तेलावर वरच्याचा भार असतो, वाफेला तिथे काम करणं जड जातं. म्हणून धातूच्या पत्र्यांच्या जाळीवरून तेलाची पातळ साय ओघळू देतात आणि खालून वाफ सोडतात. हलकी ॲसिडं काही मिनिटांत निघून जातात. पण रंग आणि हट्टी वास मोडायला थोडा वेळ लागतोच. मग दोन तापमानांची युक्ती येते: थोडा वेळ जास्त आच, बाकीचा वेळ कमी आच. आपण भाताला करतो तसंच, उकळी मोठ्या आचेवर, मुरणं मंद आचेवर.

ह्याच्याही पुढे शॉर्ट पाथ नावाची रीत आहे. दाब एका मिलीबारच्या हजाराव्या भागापर्यंत नेतात, तेल गरम भिंतीवर काही सेकंदच राहतं आणि बोटभर अंतरावरच थंड नळी असते. मलेशियात लाल पाम तेल असंच कमी तापमानाला काढतात, बहुतेक कॅरोटीन शिल्लक राहतं. वाफेऐवजी नायट्रोजन, द्रवासारखा वागणारा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड, हेही करून पाहिलेलं आहे. खर्चाचं गणित रोजच्या फोडणीच्या तेलाला जमत नाही, म्हणून ते महागड्या तेलांपुरतं.

यंत्र कितीही भारी असलं तरी ते बॉयलरवर अवलंबून. एका पावसाळी रात्रपाळीत भुशाच्या कांड्या ओल्या निघाल्या. आच पडली, वाफेचा दाब पडला, आणि निर्वात ओढणारी यंत्रणा वाफेवरच चालत असल्यामुळे टॉवरमधला दाब तीनवरून पंधरावर गेला. वास निघेना. पाळीवरच्या माणसानं तापमान चढवलं, दुसरं करणार काय? सकाळी तेल बिनवासाचं होतं. टोकोफेरॉल मोजलं तर नेहमीपेक्षा बरंच खाली. नाकाला काहीच कळलं नसतं, गिऱ्हाइकालाही नाही.

ओला माल उफणत नाही

हे सगळं आत्याला सांगून झालं तेव्हा ती शेतातल्या कोपीजवळ, म्हणजे कडब्याच्या खोपटाजवळ, भज्जीचं पातेलं उतरवत होती. म्हणाली, "वारा कितीबी चांगला असू दे. ओला माल उफणत नाही बघ. भूस दाण्याला चिकटून बसतंय."

मी टॉवरचं कौतुक सांगत बसलो होतो, आणि तिनं मुद्द्याला हात घातला.

सोयाबीन काढणीला येतं तेव्हाच परतीचा पाऊस येतो. लातूर, नांदेड, हिंगोलीत भिजलेल्या गंजी आणि ताडपत्र्या आता दर दोन-तीन वर्षांनी दिसतात. भिजलेल्या दाण्यात एन्झाइम जागे होतात. काही शेपट्या कण्यापासून तोडतात, म्हणजे एफएफए वाढतं. काही ऑक्सिजन बसवायला मदत करतात, म्हणजे हेक्झानलसारखे तुकडे वाढतात. गादीचं रूप बदलतं, मग ती साध्या पाण्यानं सुटत नाही. घाईत कापलेल्या हिरव्या दाण्याचं क्लोरोफिल तेलात उतरतं, त्याला माती जास्त लागते. ह्या प्रत्येक गोष्टीचा हिशोब शेवटी टॉवरमध्ये चुकता होतो, आच वाढवून आणि वेळ वाढवून. त्या वाढवलेल्या आचेत टोकोफेरॉल जातं आणि ट्रान्स येतं. वाळलेल्या, न तुटलेल्या दाण्याचं तेल त्याच टॉवरमधून दहा-वीस अंश कमी तापमानाला निघू शकतं.

आडतीत माल ओतला की खरेदीदार मूठभर दाणे घेऊन ओलावा तपासतो, भाव पाडतो, वाद होतात. शेतकऱ्याला ती लूट वाटते, पुष्कळदा असतेही. पण त्या ओलाव्याच्या आकड्यामागे तेलाचं सत्त्वही बसलेलं असतं, आणि भाव पाडल्यानं ते परत येत नाही. गावात वाळवायला एक पक्कं खळं किंवा छप्पर असेल, तर ते शॉर्ट पाथच्या यंत्रापेक्षा मराठवाड्याच्या तेलाला जास्त उपयोगी पडेल, असं मला वाटतं.

मग घाण्याचंच घ्यावं का?

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. लाकडी घाणे आता लातूर, नांदेड, संभाजीनगरात पुन्हा दिसायला लागले आहेत. करडी, तीळ, शेंगदाणा, जवस, कारळं ह्यांचं तेल वास ठेवूनच खायचं असतं. त्यांचा वास हाच त्यांचा स्वभाव. करडी तर आपलीच. रब्बीत ज्वारीच्या कडेनं पेरायची, काटे असतात म्हणून जनावर आत येत नाही, कोवळी असताना भाजी खायची आणि शेवटी तेल. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे वाणही काढले आहेत. करडीतलं टोकोफेरॉल बहुतांश अल्फा प्रकारचं असतं, शरीराला सगळ्यात उपयोगी पडणारं. ते कच्चं खाल्लं तर पूर्ण मिळतं.

पण बुरशी लागलेल्या शेंगदाण्याचं तेल काढलं तर अफ्लाटॉक्सिन हे विष पेंडेत जास्त आणि तेलात थोडं उतरतं. रिफायनरीत सोड्याच्या धुलाईत ते निघून जातं. घाण्यावर ते काढायला काहीच नसतं, गाळल्यानं ते जात नाही. सरकीच्या कच्च्या तेलात गॉसिपॉल असतं, तेही सोड्यानंच जातं. सॉल्व्हंटच्या तेलातलं उरलंसुरलं हेक्झेन टॉवरमध्ये उडतं, आपल्याकडे त्याची मर्यादा दशलक्ष भागांत पाच. म्हणजे रिफायनरी सत्त्व काढते तसं विषही काढते. घाणेवाल्याकडे गेलात तर तेलाआधी त्याचे शेंगदाणे बघा. काळपट, सुरकुतलेले, हिरवट पावडर धरलेले दाणे पाट्यात दिसले तर तेल कितीही खमंग असो, परत या.

आणि तळणीचं म्हणाल तर कच्च्या तेलातली गाद फेस आणते आणि लवकर करपते. पुऱ्या तळायला वास काढलेलं तेलच बरं, तपकिरी बाटलीतलं वरून ओतायला. आत्यानं ही वाटणी कुणाला न विचारता चाळीस वर्षांपूर्वी केली आहे.

पिशवीवर निळ्या चौकोनात अधिकचं चिन्ह आणि एफ दिसलं तर त्या तेलात ए आणि डी जीवनसत्त्व वरून मिसळलेलं असतं. ते टॉवरनंतर, तेल थंड झाल्यावर घालतात. ए जीवनसत्त्वाला उजेड सोसत नाही, म्हणून अपारदर्शक पिशवी किंवा डबा बरा. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेल्या पारदर्शक बाटल्यांमधलं तेल मी घेत नाही. सोयाबीनचं तर आणखी एक आहे: वास काढून पाठवलेलं तेल उजेडात आणि हवेत राहिलं की महिनाभरात तो हिरवट वास हळूच परत येतो. धंद्यात ह्याला रिव्हर्जन म्हणतात. कॅन मोठं घेतलं आणि रोज उघडलं की हे ठरलेलंच.

हे शेवटचं मी आत्याला परत घरी आल्यावर सांगितलं. ती चहा ठेवत होती. तिनं गॅसशेजारच्या खिडकीकडे बघितलं. मावळतीचं ऊन सरळ त्या पाच लिटरच्या कॅनवर पडलं होतं.

"मग इतका येळ काय सांगत बसलास? उचल ते, ठेव आत."